दोन समुद्रांच्या उगमाशी

माळशेज घाटाच्या माथ्यावर पडणारा पाऊस कुठल्या समुद्राला मिळणार, हे काही पावलांच्या अंतरात ठरतं. कड्यावरून पश्चिमेला कोसळलेलं पाणी काळू नदीतून उल्हासला आणि पुढे खाडीतून अरबी समुद्राला जातं. पूर्वेकडे वळलेलं पाणी जुन्नर तालुक्यातल्या ओढ्यानाल्यांतून कुकडीला मिळतं. कुकडी घोडला, घोड भीमेला आणि भीमा रायचूरकडे कृष्णेला मिळते. ही कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला भेटते. पावसाळ्यातल्या रविवारी या माथ्यावर फेकलेलं वेफर्सचं पाकीट कोणत्या समुद्राच्या वाटेला लागेल, हे त्या दिवशीचा वारा ठरवतो.

जुन्नरचा समुद्राशी संबंध आजचा नाही. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा या बंदरांचा माल नाणेघाटाने वर चढत असे. सातवाहन राणी नागणिकेचा शिलालेख त्याच घाटात आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. समुद्रापलीकडची माणसं इथवर येऊन दानधर्म करत होती, म्हणजे समुद्राची वाट इथल्या लोकांच्या रोजच्या व्यवहारात होती. आज मात्र समुद्रातल्या कचऱ्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे वर्सोवा किंवा दादरची चौपाटीच येते. जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्याचं नाव त्या चर्चेत येत नाही.

हा दोष केवळ सामान्य माणसाच्या नजरेचा नाही. २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जेना जॅमबेक आणि सहकाऱ्यांचा गाजलेला अंदाज प्रसिद्ध झाला. २०१० या एका वर्षात जमिनीवरून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं, असा तो अंदाज. जगभरच्या धोरणांत हा आकडा वापरला गेला. पण त्यासाठी धरली होती ती किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहणारी लोकवस्ती. सह्याद्रीच्या माथ्यावरचे आपले तालुके त्या हिशेबात बसतच नव्हते. पुढे २०२१ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मधल्या अभ्यासाने नद्यांचा विचार केला. नद्यांवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के एक हजारांहून अधिक नद्या नेतात आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या छोट्या नद्यांचा वाटा मोठा आहे, असं त्यात दिसलं. त्या यादीत अगदी वरच्या नद्यांमध्ये आपली उल्हास आहे. तिला हा भार मुख्यतः खालच्या शहरांनी दिला आहे. तरी माळशेजच्या कड्यावरून पडणारं पाणी तिचंच आहे.

सरकार काय करतं आहे? किनाऱ्यावर बरंच काही. केंद्राच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाखाली चेन्नईचं राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्र किनाऱ्यावरच्या कचऱ्याची मोजदाद आणि वर्गवारी करतं. ५ जुलै ते १७ सप्टेंबर २०२२ या ७५ दिवसांत ‘स्वच्छ सागर, सुरक्षित सागर’ ही मोहीम देशातल्या ७५ किनाऱ्यांवर चालली. हे काम मोलाचं आहे, कारण मोजल्याशिवाय धोरण ठरत नाही. पण किनाऱ्यावर उचललेली पिशवी हा प्रवासाचा शेवट असतो. सुरुवात रोखायची तर डोंगराकडेच यावं लागतं.

महाराष्ट्राचा प्लास्टिकचा कायदा पाण्यातूनच जन्माला आला. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या प्रलयात तुंबलेल्या गटारांत पिशव्या सापडल्या आणि २००६ साली अविघटनशील कचऱ्याचा कायदा झाला. त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठरला. मधल्या काळात केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी ग्रामपंचायतींवरही प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी टाकली. १ जुलै २०२२ पासून काड्या, कप, ताटल्या, चमचे अशा एकदाच वापरायच्या वस्तू देशभर बंद झाल्या. पिशवीची किमान जाडी आधी ७५ आणि मग ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. यामागचं तर्कशास्त्र पक्कं आहे. पातळ पिशवी गोळा करणाऱ्याला तिचं वजनच मिळत नाही, म्हणून ती रस्त्यावर राहते, फाटते आणि पाण्यात जाते.

आता हाच नियम मनात ठेवून नारायणगावच्या परिसरातल्या टोमॅटोच्या वावरात जाऊ. दोन्ही तालुक्यांची बागायत गेल्या काही दशकांत बदलली आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही चार जुन्नरमध्ये आहेत आणि डिंभे आंबेगावमध्ये. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं आंबेगाव डिंभ्याच्याच पाण्याखाली गेलं. या पाण्यावर टोमॅटो, मिरची, कलिंगड, फुलं आली. पाण्याची बचत हवी म्हणून ठिबक आलं आणि तण व बाष्पीभवन रोखायला बेडवर प्लास्टिकचा मल्चिंग पेपर आला. शेतकऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. मजूर मिळत नाहीत, पाणी मोजून मिळतं आणि पेपरखालचं पीक खरोखर चांगलं येतं.

पण हा पेपर साधारण २५ मायक्रॉनचा असतो. बेडमध्ये पाच फुटांचं अंतर आणि चार फुटी रुंदीचा पेपर धरला, तर एकराला सुमारे ७५ किलो प्लास्टिक लागतं. बाजारातली पिशवी १२० मायक्रॉनची हवी म्हणणारं शासन शेतातल्या या पातळ थरासाठी अनुदान देतं. एकात्मिक फलोत्पादन अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत हेक्टरी ३२,००० रुपये खर्च धरून त्याच्या निम्मी रक्कम, दोन हेक्टरपर्यंत, अशी तरतूद वर्षानुवर्षं होती. अनुदान द्यायला माझा विरोध नाही. पीक निघाल्यावर त्या पेपरचं काय करायचं, याची वाट त्याच योजनेत आखायला हवी होती.

पीक उपटल्यावर काय होतं ते गावोगाव दिसतं. उन्हाने ठिसूळ झालेला पेपर उचलताना फाटतो. त्याच्यासोबत अनेकदा त्याच्या वजनाइतकी माती येते, म्हणून भंगारवाला तो नाकारतो. मग तो बांधावर पेटवला जातो, नाही तर ओढ्याच्या कडेला ढीग लागतो. उरलेले तुकडे नांगरटीत मातीत जातात आणि वळवाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर निघतात. २०२२ च्या बंदीच्या यादीत हा पेपर नाही. उत्पादकांवर कचरा परत घेण्याची जबाबदारी टाकणारी, १६ फेब्रुवारी २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं वेष्टनांसाठी आहेत, शेतातल्या पेपरसाठी नाहीत.

हे तुकडे थेट बंगालच्या उपसागरात पोहोचतात, असं म्हणणं मात्र घाईचं ठरेल. वाटेत उजनी आहे, पुढे कृष्णेवर श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आहेत. गाळाबरोबर बरंचसं प्लास्टिक तिथेच बसेल आणि बारीक कण पुरात पुढे जातील. पण धरणात अडकलेलं प्लास्टिक हा दिलासा नव्हे, ते आपल्याच पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्यात राहतं. समुद्रातल्या कचऱ्याचा अभ्यास धरणांच्या गाळापर्यंत आणि शेतातल्या मातीपर्यंत मागे यायला हवा, तो यासाठी.

जगाला हा प्रश्न माहीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१ च्या अहवालात, पिकं आणि पशुपालनात वर्षाला सुमारे १ कोटी २५ लाख टन प्लास्टिक वापरलं जातं, असं मांडलं. चीनने पेपरची किमान जाडी ८ वरून १० मायक्रॉन केली, तो उचलताना फाटू नये म्हणून. प्लास्टिकविषयीच्या जागतिक कराराचा ठराव मार्च २०२२ मध्ये नैरोबीत झाला, पण वाटाघाटी बुसानला २०२४ मध्ये आणि जिनिव्हाला २०२५ मध्ये तडजोडीविना संपल्या. जुन्नर-आंबेगावने त्यांच्यासाठी थांबायचं कारण नाही.

केरळचा धडा जवळचा आहे. २०१७ साली तिथल्या सरकारने कोल्लमच्या मच्छीमारांना, जाळ्यात आलेलं प्लास्टिक समुद्रात परत न टाकता बंदरावर आणायला सांगितलं. तिथे ते धुऊन, बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरण्याची सोय केली. माणसाला उपदेश करण्याआधी त्याच्या हातातलं ओझं घ्यायला जागा दिली. आपल्याकडे स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्यामागे प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. अशा केंद्रात बाटल्या-पिशव्यांसोबत पेपर झटकण्याचं, धुण्याचं आणि गाठी बांधण्याचं यंत्र हवं. अनुदानाचा एक हप्ता, परत केलेल्या पेपरच्या वजनाची पावती दाखवल्यावर मिळावा. पेपर विकणाऱ्या कृषी सेवा केंद्रांनी तो परत घेण्यात वाटा उचलावा. किती जाडीचा पेपर अखंड उचलता येतो, याच्या चाचण्या नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राला याच मातीत घेता येतील.

पेपर गोळा करायला जागाही शोधावी लागणार नाही. हंगामात गावोगावच्या पिकअप क्रेट भरून नारायणगावच्या टोमॅटो बाजारात येतात, तिथे वजनकाटा आहे, हिशेब आहे आणि शेतकऱ्याचा राबता आहे. संकलन वर्षभर चालू ठेवण्याचीही गरज नाही. शेवटचा तोडा झाल्यापासून रान नांगरेपर्यंतचे आठवडे गाठले तरी पुरे, आणि उन्हाळी पिकासाठी ते मृगाचा पाऊस जोर धरण्याआधी गाठावे लागतील.