मृगापूर्वीचे आकाश

मे महिना सरत आला, की गावोगाव एकच प्रश्न ऐकू येतो : यंदा मृग कधी निघतो? गमतीची गोष्ट अशी, की हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी मृगाकडे मान वर करून पाहिलेले असते. आणि ऐन मृगात पाहावयास जावे, तर तो दिसतही नाही. मृग निघाला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला. चार पायांचे व पोटात तीन ताऱ्यांचा बाण रुतलेले ते हरीण त्या दिवसांत सूर्याबरोबरच उगवते व मावळते. म्हणून ते उजेडात लोपते.

मग पाहावे काय? मेअखेरीस रात्री नऊच्या सुमारास उत्तरेस तोंड करून उभे राहावे. समोर उंचावर सप्तर्षी दिसतील. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवीत नेला, म्हणजे डोक्याजवळ पूर्वेच्या अंगास नारिंगी, तेजस्वी स्वाती भेटते आणि तोच बाक पुढे दक्षिणेकडे उतरला, की पांढरी चित्रा. दक्षिणेचे क्षितिज मोकळे असेल, तर तेथे अगदी खाली त्रिशंकूचे चार तारे दिसतात. आग्नेयेस लालसर ज्येष्ठा वर येत असते. तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. ती आकाशात मृगाच्या जवळजवळ समोर आहे. त्यामुळे सूर्य मृगात असता ती संधिप्रकाश सरताच दिसू लागते व जवळजवळ रात्रभर आकाशात राहते. पंचांग हाताशी नसले, तरी मृग आल्याची खूण तिच्यावरून पटते.

परंतु ही खूण सूर्याच्या स्थानाची आहे, पावसाची नव्हे. सूर्य प्रत्येक नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो व हल्ली ७-८ जूनच्या सुमारास मृगात जातो. ही तारीखही कायमची नाही. पृथ्वीचा आस अतिशय मंद गतीने फिरत असल्यामुळे ऋतूंच्या मानाने ती सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्या काळी, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, मृग आजच्यापेक्षा सुमारे दहा दिवस आधी लागत असे. पाऊस मात्र समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचे ऐकतो. नक्षत्राचे वाहन बेडूक की गाढव, यावर पारावर चर्चा रंगते ती रंगू द्यावी. ते वाहन पंचांगातील गणिताने ठरते, ढगांना त्याची वार्ता नसते. चंद्राभोवतीचे खळे हे उंचावरील विरळ ढगांतील हिमकणांमुळे पडते. तेवढ्यावरून तिफण जुंपू नये.

पहिल्या सरीवर पेरून मग उघडीप पडली, की बियाणे वाया जाते, आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कर्ज काढावे लागते. यास्तव ७५ ते १०० मिलिमीटर, म्हणजे तीन ते चार इंच, पाऊस होऊन ओल पुरेशी खोल गेल्यावरच कोरडवाहू पेरणी करावी. (कोकणातील भाताची धूळवाफ पेरणी हा निराळा प्रकार.) पर्जन्यमापक नसल्यास सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी पट्टीने पाणी मोजावे, आकडा वहीत टिपावा व डबा रिकामा करावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे आकडे चावडीच्या फळ्यावर लिहिल्यास वादावादी पुष्कळ कमी होते.

ज्यांना प्रत्यक्ष मृग पाहावयाचा असेल, त्यांनी जुलैच्या उत्तरार्धात ढग फाटलेल्या एखाद्या पहाटे पूर्वेस पाहावे. तोवर वेळेवर पेरलेल्या शेतांत कोळपे सुरू झालेले असेल.