‘विंडोज टाकणे’ आणि ‘फॉरमॅट मारणे’

संगणक दुरुस्तीच्या दुकानात ‘विंडोज टाकून द्या’ आणि ‘फॉरमॅट मारून द्या’ ही दोन वाक्ये एकाच अर्थाने उच्चारली जातात. भाषेच्या अभ्यासकाला अशी सरमिसळ नवी नाही. परंतु येथे ती पुष्कळांना महागात पडते. पहिल्या वाक्यातील मागणी संगणक चालविणारी प्रणाली नव्याने बसविण्याची असते. दुसऱ्यातील, डिस्कचा एखादा विभाग पुसून कोरा करण्याची. प्रणाली पुन्हा मिळते. त्या विभागातील आपले लेखन मात्र दुसरीकडे कोठेही नसते.

हा विषय आज घेण्यास कारण आहे. विंडोज १० या आवृत्तीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. तेव्हा प्रणाली बदलण्याचा प्रसंग घरोघरी येणार.

संगणक सुरू होण्याला ‘बूट होणे’ म्हणतात. स्वतःच्या बुटांचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलावे, या इंग्रजी कल्पनेतून तो शब्द आला. कल्पना विनोदी असली तरी नेमकी आहे. आधी मदरबोर्डवरील एक छोटी आज्ञावली जागी होते आणि मुख्य प्रणाली कोठे आहे याचा शोध घेते. हा शोध डिस्कऐवजी पेनड्राइव्हकडे वळविणे, एवढीच या सर्व खटाटोपातील युक्ती होय.

त्यासाठी दुसऱ्या, धडधाकट संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवून घ्यावे आणि किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करावा. त्यावरील आधीचे सर्व पुसले जाते, म्हणून तो रिकामाच असलेला बरा. मग तो आपल्या संगणकाला लावून यंत्र सुरू होताक्षणी एफ १२, एफ ९ किंवा एस्केप, यंत्राच्या बनावटीप्रमाणे जी असेल ती कळ दाबावी व यादीतून पेनड्राइव्ह निवडावा. परवान्याचा क्रमांक विचारला गेल्यास तो नसल्याचे सांगून पुढे जाता येते. त्याच यंत्रावर तीच आवृत्ती आधी रीतसर चालू असेल, तर इंटरनेट जोडल्यावर परवाना सहसा आपोआप ओळखला जातो.

खरा धोक्याचा क्षण यानंतरचा. पडद्यावर डिस्कच्या विभागांची यादी येते. पण तेथे सी, डी ही ओळखीची अक्षरे नसतात, क्रमांक आणि आकारमान असते. म्हणून प्रत्येक विभाग किती जीबीचा आहे हे आधीच कागदावर टिपून ठेवावे. प्रती उतरविलेली बाहेरची डिस्क या वेळी काढून ठेवावी, म्हणजे चुकून तिच्यावर घाला पडणार नाही. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिचा ४८ अंकी क्रमांकही हाताशी हवा.

संगणक मुळीच सुरू होत नसेल तरी लगेच हार मानू नये. उबुंटू ही विनामूल्य प्रणाली डिस्कवर न बसविता पेनड्राइव्हवरूनच चालविता येते. डिस्क शाबूत असेल, तर तिच्यावरील लेखन अशा रीतीने आधी बाहेर काढता येते. दुकानदाराने हे आपणहून करावे अशी अपेक्षा ठेवू नये. तसे स्पष्ट सांगावे.

आता आपल्या मराठी मंडळींची खास अडचण. ‘माझे सर्व डी विभागात आहे’ असे म्हणणाऱ्याच्या डेस्कटॉपवरील फायली बहुधा सी विभागात असतात, आणि फॉन्ट तर तेथेच असतात. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फॉन्टांत अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी बसविलेले होते. फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण वाचता येत नाही: जुन्या स्मरणिका, सभांची इतिवृत्ते, अर्धवट राहिलेले ग्रंथ, सर्व निरर्थक चिन्हांची रांग. युनिकोडमधील मजकुराला ही भीती नाही. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे.

म्हणून जुनी प्रणाली चालू असतानाच अशा प्रत्येक फायलीची पीडीएफ प्रत काढावी. तीत फॉन्टचे आकार सहसा अंतर्भूत होतात. फॉन्टच्या फायली, त्यांची मूळ सीडी आणि परवान्याचा क्रमांक एकत्र ठेवावा. नंतर सवडीने रूपांतरक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि मुद्रिते तपासतो तसा ओळीने तपासावा. जोडाक्षरे आणि रफार यांत हे रूपांतरक हमखास चुकतात.