कुंडात उतरण्याआधी तळपाय पाहा

आज मधुमेहाच्या त्वचेवरील परिणामाविषयी बोलू, आणि त्यासाठी भिवंडी तालुक्यातल्या गणेशपुरीला जाऊ. तानसा नदीच्या काठच्या या गावात भीमेश्वराच्या देवळाजवळ गरम पाण्याची कुंडे आहेत. नित्यानंद स्वामींच्या समाधीचे दर्शन घ्यायचे आणि कुंडात अंग शेकून निघायचे, हा ठाणे-मुंबईकडच्या भाविकांचा जुना परिपाठ. या पाण्यातल्या गंधकाने खरूज-नायटा जातो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ही समजूत अगदीच निराधार नाही, कारण खरजेवर गंधकाचे मलम आजही वापरतात. मात्र मलमात गंधकाचे प्रमाण ठरलेले असते आणि ते अंगावर रात्रभर राहते. कुंडातली बुडी काही मिनिटांची. त्यातून मधुमेह असेल, तर त्या बुडीचेच भय अधिक.

साखर सतत वाढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्यामुळे जखमेपर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही. घाम कमी होऊन पायाची कातडी कोरडी पडते आणि भेगांतून जंतू आत शिरतात. म्हणूनच अशा माणसाला केसतोड, गळू, काळपुळी पुन्हा पुन्हा होते. जांघेत, काखेत, स्तनांखाली बुरशी धरते. जननेंद्रियाजवळ खाज येत राहणे ही तर कित्येकदा मधुमेहाची पहिली खूण असते. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या काही नव्या गोळ्यांनीही ही खाज वाढते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

बुरशीनेच होणाऱ्या गजकर्णाचे दुखणे आपल्याकडे औषधानेच चिघळवले आहे. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत राहते. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सर्रास मिळतात.

आता कुंडाकडे वळू. इथल्या काही कुंडांचे पाणी 50 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. इतक्या गरम पाण्यात निरोगी कातडीही काही मिनिटांत भाजते. निरोगी माणूस चटका बसताच पाय वर घेतो. जुन्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात, चटका कळतच नाही आणि माणूस निवांत बसून राहतो. घरी गेल्यावर फोड दिसतो, तो फुटतो, त्यात पू होतो आणि वेळेवर उपचार न झाल्यास गँगरीनने बोट किंवा पाय कापण्यापर्यंत वेळ येते. बोटांच्या बेचक्यांत पाणी राहिले, तर चिखल्या होतात. भातलावणीत चिखलात राबणाऱ्यांना त्या नव्याने सांगायला नकोत. शिवाय गरम पाण्यात टोचलेले इन्सुलिन वेगाने शोषले जाते आणि साखर अचानक उतरून घेरी येऊ शकते.

म्हणजे गणेशपुरीला जायचेच नाही का? जरूर जा. दर्शन घ्या, कुंडातले पाणी तांब्याने अंगावर घ्या. आधी कोपर बुडवून किंवा सोबतच्या निरोगी माणसाला पाण्यात हात घालायला सांगून ऊन किती ते पाहा. पायाला जखम, भेग किंवा बधिरपणा असेल, तर पाय कुंडात सोडू नका. देवळाच्या तापलेल्या फरशीवर मोजे घालून चाला. बेचक्या कोरड्या पुसा, तेल किंवा व्हॅसलीन तळव्याला लावा, बोटांच्या मधे नको. रोज रात्री तळपाय आरशात पाहा. कुरूप ब्लेडने कापू नका.

लाली पसरत असेल, पू किंवा दुर्गंधी येत असेल, ताप असेल, कातडी काळी पडत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तुमच्या घरात त्यांतले कोणी असेल, तर आज रात्रीच त्यांचे तळपाय पाहा.