चुंबकातून निघणारं गुलाबी मीठ

जुनी हार्ड डिस्क उघडली की फिरत्या दांड्याच्या बुडाशी, जाड लोखंडी पट्ट्यांना चिकटलेले दोन चपटे, कमानदार तुकडे सापडतात. वर निकेलचा चकचकीत मुलामा. आत निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे संशोधक स्वतंत्रपणे या चुंबकापर्यंत पोचले. त्याच्या वजनात सुमारे 30 टक्के निओडिमियमसारखे दुर्मीळ मृदा धातू असतात. एप्रिल 2025मध्ये चीनने दुर्मीळ मृदा गटातल्या सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं आणि जगभरचे अनेक मोटार कारखाने चुंबकांसाठी अडून पडले. भंगारातल्या तुकड्याकडे त्यामुळे मी फार आदराने पाहतो.

त्यातून निओडिमियमचं मीठ काढायचं, तर घरच्या प्रयोगशाळेत सुरुवात भट्टीपासून होते. तुकडा साडेतीनशे अंशांपर्यंत तापवला की त्याचं चुंबकत्व जातं. मग मुलामा काढून तुकडे करायचे. पूड मात्र करायची नाही, कारण ती हवेत आपोआप पेटू शकते. हे तुकडे सौम्य सल्फ्युरिक आम्लात सोडले की हायड्रोजन जोरात फसफसतो. हे काम उघड्यावर, गॉगल लावून आणि ज्योतीपासून लांबच करावं. द्रावण हिरवं होतं. तो रंग हिराकसाचा, म्हणजे लोखंडाचा.

आता लोखंड आणि निओडिमियम वेगळं कसं करायचं? इथे निसर्गाने एक सुंदर सोय करून ठेवली आहे. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, निओडिमियम सल्फेट मात्र कमी. 20 अंशांना 100 मिलिलिटर पाण्यात ते सुमारे 7 ग्रॅम मावतं, 90 अंशांच्या आसपास दीड ग्रॅमही नाही. गाळलेलं द्रावण उकळीच्या जवळ नेलं की तळाशी गुलाबी साका बसू लागतो आणि हिराकस वरच्या पाण्यात राहतं. गाळायचं तेही गरम असतानाच. थंड होऊ दिलं तर साका पुन्हा विरघळतो. हे स्फटिक उन्हात जांभळट-गुलाबी दिसतात, ट्यूबलाइटखाली फिके निळसर, कारण निओडिमियम पिवळ्या प्रकाशाचा एक अरुंद पट्टा शोषून घेतं.

साका शंभर टक्के निओडिमियमचा नसतो. प्रासिओडिमियम बहुधा सोबत येतंच. या दोघांना 1885मध्ये व्हिएन्नात कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी पुन्हापुन्हा स्फटिक पाडून वेगळं केलं. त्याआधी ते एकच मूलद्रव्य मानलं जाई. तेवढी चिकाटी घरीही दाखवता येईल. धातू मिळवणं वेगळं. कारखान्यात त्यासाठी वितळलेल्या फ्लोराइडमधून, हजार अंशांच्या वर, वीज सोडतात. घरात ते करू नये. घरची वाट साका धुऊन, ऑक्झॅलेट करून, ते भाजून निळसर ऑक्साइड मिळवण्यापर्यंतची.

उरलेलं हिरवं पाणी मोरीत ओतायचं नाही. त्यात आम्ल असतं आणि मुलाम्याचं उरलंसुरलं विषारी निकेलही. धुण्याचा सोडा थोडाथोडा घालून आम्ल मारायचं, खाली बसलेला गाळ वाळवायचा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा.