एकाच दौतीतले दोन विनोद

माझे आजोबा देवळाली कॅम्पात गोऱ्या शिपायांच्या बराकींमध्ये चहा पोचवत. एका हातात चहाची मोठी किटली, दुसऱ्या हातात बिस्किटांची पत्र्याची पेटी, आणि तोंडात कामापुरते तुटके इंग्रजी. दुसऱ्या महायुद्धाची सगळी वर्षे त्यांनी यावर घर चालवले. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या जुन्या विनोदी मालिकांविषयी लिहिताना आजोबांपासून सुरुवात का, हे लेखाच्या उत्तरार्धात कळेल. मी काही इंग्रजीचा प्राध्यापक नाही. उमेदीची वर्षे बँकेच्या काउंटरमागे गेली. लेस्टरला असलेल्या मावसभावाने एका सुट्टीत डीव्हीडींचा गठ्ठा आणून दिला आणि तिथून हा नाद लागला. पुढे मिळेल ते पाहत आणि वाचत गेलो, वहीत टिपणे काढत गेलो.

सुरुवातीला मला एकच प्रश्न पडला होता. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या या मालिका लोक आजही का पाहतात? त्यांतली घरे पुठ्ठ्याची वाटतात, चित्र धूसर आहे, संदर्भ शिळे झाले आहेत. तरीही २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने दूरचित्रवाणी व्यवसायातल्या जाणकारांकडून शंभर सर्वोत्तम ब्रिटिश कार्यक्रमांची यादी करून घेतली, तेव्हा पहिला क्रमांक मिळाला 'फॉल्टी टॉवर्स'ला. माहितीपट, गंभीर नाटके, बातम्या हे सगळे त्या यादीत खाली राहिले. या मालिकेचे भाग किती? १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा, म्हणजे सगळे मिळून बारा! त्यातही गंमत अशी की, पहिली संहिता वाचून बीबीसीतल्या एका अधिकाऱ्याने 'यातून फजितीच होईल' अशा अर्थाचा शेरा मारला होता.

अर्धा तास, तीन भिंती

या मालिकांची घडण समजून घेतली की टिकाऊपणाचे निम्मे कारण हाती लागते. बहुतेक मालिका स्टुडिओत, समोर प्रेक्षक बसवून चित्रित होत. खोलीला तीनच भिंती. चौथ्या बाजूला कॅमेरे आणि हसणारी माणसे. म्हणजे मुळात हे नाटकच. नाटकातला नट प्रेक्षकांचे हसणे ओसरेपर्यंत थांबतो, तसेच इथले नट थांबतात. दुसरी गोष्ट लेखनाची. अमेरिकेत लेखकांचा ताफा वर्षाला वीस-बावीस भाग पाडत असताना ब्रिटनमध्ये एक किंवा दोन लेखक सहा-सात भाग लिहीत. त्यामुळे पात्रांच्या बोलण्याला एका हाताचे वळण राहिले.

रे गाल्टन आणि ॲलन सिम्प्सन ही अशीच एक जोडी. दोघांची गाठ पडली ती सरे परगण्यातल्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात, विशीही गाठली नव्हती तेव्हा. 'हॅन्कॉक्स हाफ अवर' त्यांनीच लिहिली. १९६२ मध्ये सुरू झालेली 'स्टेप्टो अँड सन'ही त्यांचीच. भंगार गोळा करणारे बापलेक, एक घोडागाडी आणि सामानाने गच्च भरलेले घर. मुलाला या धंद्यातून बाहेर पडायचे आहे. पुस्तके, संगीत, सुसंस्कृत मंडळी यांची त्याला ओढ आहे. म्हातारा त्याला सोडत नाही. आणि खरे म्हणजे मुलगाही जात नाही. १९६४ च्या निवडणुकीत मतदानाच्या संध्याकाळी या मालिकेचा भाग लागणार होता. मजूर पक्षाचे मतदार तो पाहत घरीच बसतील, या धास्तीने हॅरॉल्ड विल्सन यांनी बीबीसीच्या प्रमुखांना गाठले आणि भाग उशिरा दाखवायला लावला. त्यांचा पक्ष अवघ्या चार जागांच्या बहुमताने जिंकला.

इथे मला पहिले सूत्र सापडले. या मालिकांमधली माणसे अडकलेली असतात. 'पॉरिज'मध्ये तुरुंगात, 'फॉल्टी टॉवर्स'मध्ये स्वतःच्याच हॉटेलात, 'येस मिनिस्टर'मध्ये सचिवाच्या गोड बोलण्यात. आपण आहोत त्याहून मोठे आहोत, अशी त्यांची समजूत असते. वास्तव आणि ही समजूत यांच्यामधल्या फटीत विनोद घडतो. भाग संपताना सगळे पुन्हा पहिल्या जागी येतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा धडपडतात. ही धडपड कोणत्या सालातली आहे, याने फारसा फरक पडत नाही.

बँक मॅनेजरची फौज

मला स्वतःला सर्वांत जवळची वाटली ती 'डॅड्स आर्मी'. ३१ जुलै १९६८ रोजी पहिला भाग लागला आणि १९७७ पर्यंत ऐंशी भाग झाले. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. १९४० मध्ये जर्मन आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनमध्ये होमगार्ड उभारले गेले. वयाने किंवा तब्येतीने फौजेत न घेतलेले पुरुष आणि मिसरूड न फुटलेली पोरे त्यात होती. पेरी स्वतः पोरवयात वॉटफर्डच्या होमगार्डात होते. मालिकेतला आईचा लाडका पाइक त्यांनी बराचसा स्वतःवरून घेतला.

या तुकडीचा कॅप्टन मॅनरिंग हा गावातला बँक मॅनेजर. त्याचा सार्जंट विल्सन बँकेतही त्याच्या हाताखाली. पण विल्सन मोठ्या घराण्यातला, महागड्या शाळेत शिकलेला, आणि मॅनरिंग कष्टाने वर आलेला. हुद्दा एकाचा, रुबाब दुसऱ्याचा. विल्सन नुसता भुवई उचलतो आणि मॅनरिंगला आपल्या बुटांची आठवण होते. ब्रिटिश वर्गव्यवस्थेवरचे एखादे जाड पुस्तक जे सांगेल, ते इथे दोन माणसांच्या उभे राहण्यात दिसते.

आमच्या शाखेत असे एक साहेब होते. आग विझवण्याच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्यांनी शिस्तीवर वीस मिनिटे भाषण केले, मग नळकांडे उचलले, आणि त्यातून फुस्स इतकाच आवाज आला. आम्ही खाली माना घालून हसलो. पुढे एकदा पुराचे पाणी शाखेत शिरले, तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात सगळ्यांत शेवटी बाहेर पडले ते हेच साहेब, खातेवह्या डोक्यावर धरून. मॅनरिंगही असाच आहे. एका भागात जर्मन पाणबुडीचा कप्तान पाइकचे नाव विचारतो, तर 'नाव सांगू नकोस' अशी तंबी देताना मॅनरिंग स्वतःच ते उच्चारून बसतो. तो हास्यास्पद आहे, पण खरोखर शत्रू आला असता तर तो मागे हटला नसता, याविषयी आपल्याला शंका राहत नाही. लेखकांनी त्याला हसवण्यासाठी वापरले, पण त्याचे शौर्य काढून घेतले नाही. शिखरकाळात एकेका भागाला पावणेदोन कोटींच्या पुढे प्रेक्षक होते, आणि बीबीसी ही मालिका आजही पुन्हा पुन्हा दाखवते.

देवळालीची बराक

याच पेरी-क्रॉफ्ट जोडीने जानेवारी १९७४ मध्ये दुसरी फौजी मालिका सुरू केली: 'इट एन्ट हाफ हॉट मम'. एखाद्या शिपायाने घरी लिहिलेल्या पत्रातले वाक्य असावे तसे हे नाव. 'आई, इथे काय उकडतंय म्हणून सांगू!' असा त्याचा भाव. काळ १९४५, आणि स्थळ चक्क आपले देवळाली! तोफखान्यातल्या शिपायांची एक नाटकमंडळी आहे. नाचगाण्याच्या आडून रणांगण टाळता आले तर बरे, असे या पोरांना वाटते. सार्जंट-मेजर विल्यम्स मात्र त्यांना जंगलात लढायला धाडायला टपलेला आहे. हीदेखील ऐकीव गोष्ट नव्हे. पेरी तोफखान्यात होते, देवळालीच्या छावणीत राहिले होते आणि तिथल्या अशाच मंडळीत काम करत होते.

देवळालीचे नाव इंग्रजीत त्याआधीच गेले होते. १८६१ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या छावणीत मायदेशी परतणारे शिपाई बोटीची वाट पाहत महिनोन्महिने पडून असत. उन्हाळा, कंटाळा, दारू आणि आजार यांनी डोके फिरे, त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणत. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. आजही इंग्रजीत एखाद्याचे डोके फिरले की तो 'डूलॅली' झाला म्हणतात.

मालिकेचे आठ संच, छप्पन्न भाग झाले. ती अत्यंत लोकप्रिय होती. पण आज बीबीसी ती दाखवत नाही. पाहायची तर डीव्हीडी शोधता येते. लेखक तेच, फौजी वातावरण तेच, १९७४ ते १९७७ ही वर्षेही दोन्ही मालिकांना सामाईक. मग एक अजून घराघरांत आणि दुसरी कपाटात, असे का झाले?

सरळ उत्तर असे की, त्यातला रंगीराम हा हिंदुस्थानी नोकर मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहऱ्याला तपकिरी रंग फासून केला होता. शिवाय नाटकात बायकी सोंगे घेणाऱ्या पोरांना सार्जंट-मेजर ज्या शिव्या घालतो, त्या आता कानाला बोचतात. हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. बेट्स यांचा जन्म झाशीचा होता आणि त्यांना इथली भाषा येत होती, हेही खरे आहे. पेरी यांनी मालिकेची बाजू सोडली नाही. हे सोंग रंगीरामचे नसून साम्राज्याचे आहे, असा युक्तिवादही करता येतो. रंगीराम स्वतःला इंग्रजांतला समजतो आणि चहावाला मुहम्मद, पंखा ओढणारा रमजान यांच्यावर रुबाब करतो. असे नमुने कॅम्पात होते. आजोबांच्या तोंडून मी त्यांचे किस्से ऐकले आहेत.

तरीही रंग पुसला तर मालिका निर्दोष होईल, असे मला वाटत नाही. फरक आणखी खोल आहे. 'डॅड्स आर्मी'तला खाटीक जोन्स घ्या, तिरडीचे सामान विकणारा फ्रेझर घ्या, बहिणींबरोबर राहणारा म्हातारा गॉडफ्री घ्या. प्रत्येकाला धंदा आहे, भूतकाळ आहे, आणि संध्याकाळी परतायला घर आहे. मॅनरिंगची बायको कधी दिसत नाही, पण तिचा धाक आपल्याला पाठ होतो. देवळालीच्या मालिकेत असे आयुष्य गोऱ्या शिपायांच्या वाट्याला येते. मुहम्मद आणि रमजान व्हरांड्यात बसलेले असतात. रमजान दोरी ओढता ओढता शहाणपणाचे शेरे मारतो, ते मार्मिकही असतात. पण देवळाली गाव मालिकेच्या केंद्रात कधी येत नाही. पेरींनी वॉटफर्ड आतून पाहिले होते. देवळाली त्यांनी बराकीच्या दारातून पाहिले. त्यात लबाडी नव्हती. त्यांना तेवढेच दिसले.

आपली बाजू

या निष्कर्षाने मी खूश होऊन वही मिटणार होतो, तेवढ्यात दुसरी मालिका आठवली. 'माइंड युअर लँग्वेज' ही १९७७ ची मालिका. लंडनच्या एका वर्गात इंग्रजी शिकायला आलेले परदेशी आणि त्यांचे उच्चार. जातीजमातींचे ठोकळे केल्याच्या कारणाने तिथल्या वाहिनीच्या अधिकाऱ्याने ती लोकप्रिय असतानाच बंद केली. आपल्याकडे १९९३ मध्ये तिच्यावरून 'जबान संभाल के' आली. पंकज कपूर हिंदी शिकवत आणि वर्गातल्या दाक्षिणात्याच्या हिंदीवर आपण घरोघरी हसलो. मीही हसलो. बराकीच्या दारातून बघण्याची सवय फक्त गोऱ्यांना असते असे नाही.

याउलट 'येस मिनिस्टर'वरून २००१ मध्ये 'जी मंत्रीजी' झाली, फारुख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव. तिथे काही खुपले नाही. खुर्चीवरच्या माणसाला हसताना देश बदलला तरी विनोद बदलावा लागत नाही. खुद्द मार्गारेट थॅचर मूळ मालिकेच्या चाहत्या होत्या, इतकी ती खुर्चीवाल्यांनाही पटली. ज्याच्या हाती काही नाही त्याच्या बोलण्याला हसायचे असेल, तर आधी त्याच्या घरात जाऊन यावे लागते.

आजोबा १९८८ मध्ये गेले. त्यांनी ही मालिका पाहिली नाही. पण आमच्या घरी, नाशिकरोडच्या चाळीत, रात्री जेवणे झाली की ते नक्कल करत. डोक्याला पंचा गुंडाळून, छाती फुगवून ते सार्जंट होत. चहात साखर कमी पडली म्हणून संतापणारा, आईचे पत्र आले की पेटीवर बसून रडणारा, आणि उधारी न देता बोटीवर चढणारा. त्या रडणाऱ्या पोराची नक्कल करताना आजोबांचा आवाज बदलत असे. आजी म्हणायची, "अहो, पुरे आता, त्याचीही आई वाट बघत असेल." मग ते पंचा सोडत.

बीबीसीने त्या काळी जागा आणि पैसा वाचवण्यासाठी असंख्य टेपा पुसल्या. 'डॅड्स आर्मी'चेही तीन भाग आजतागायत सापडलेले नाहीत. त्यांचा शोध अजून चालू आहे. आजोबांच्या नकलेची टेप कधी नव्हतीच. म्हणून देवळालीची मालिका कपाटात राहावी असे मला वाटत नाही. ती दाखवावी, रंग फासलेल्या चेहऱ्यासकट दाखवावी, आणि त्या व्हरांड्यात बसलेल्यांनी काय पाहिले ते आपल्यापैकी कुणी तरी लिहावे. आजोबांचे मला आठवतात तेवढे किस्से मी वहीत उतरवायला घेतले आहेत. आतापर्यंत अकरा झाले.