पैसे कट झाले, तिकीट कुठाय?

नाटकाची तिकिटं आता तिसऱ्या घंटेच्या तासभर आधीसुद्धा मोबाइलवर मिळतात. ते पैसे कोणाकोणाच्या हातातून जातात ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं. पुण्यात प्रायोगिक नाटकांची तिकिटं विकणारं एक छोटं वेब अ‍ॅप्लिकेशन आहे. चालवणारी माणसं चार. त्यांना नवा पेमेंट प्रोसेसर निवडायचा होता, आणि त्या धांदलीतच मी तिथे जाऊन बसलो. टेबलावर तीन-चार कंपन्यांची दरपत्रकं पडली होती. दरांची घासाघीस लवकर आटोपली, कारण सगळ्यांचे आकडे दोन टक्क्यांच्या आसपासच घुटमळत होते. खरा वेळ गेला तो एका प्रश्नावर: पैसे कट झाले आणि तिकीट आलंच नाही, तर?

इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबईत २००० साली बिलडेस्क सुरू झालं, त्याच सुमारास सीसीअव्हेन्यू आलं. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्डव्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली, तिचा ओटीपी आता घरोघरी ठाऊक आहे. रेझरपे २०१४चं, कॅशफ्री २०१५चं, आणि २०१६मध्ये यूपीआयने सगळा पटच बदलला. मार्च २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम घालून दिले. नुसती तांत्रिक वाट पुरवतो तो गेटवे, आणि गिऱ्हाइकाचे पैसे स्वतःकडे घेऊन दुकानदाराला पोचते करतो तो अ‍ॅग्रिगेटर. अ‍ॅग्रिगेटरला परवाना लागतो, अर्जाच्या वेळी १५ कोटींची नक्त मालमत्ता लागते, आणि लोकांचे पैसे एस्क्रो खात्यात वेगळे ठेवावे लागतात.

तर तो प्रश्न. तो लावून धरणारा प्रोग्रॅमर विशीतला आहे. कंपनीचा विक्रेता फोनवर आला की हा दर विचारतच नाही. ‘तुमचा वेबहुक पोचला नाही तर किती वेळा परत पाठवता?’ हा त्याचा पहिला प्रश्न. पलीकडे बहुतेकदा शांतता पसरते, आणि मग ‘टेक टीमशी बोलून सांगतो, सर’.

वेबहुक म्हणजे काय ते त्याने मला कागदावर काढून दाखवलं. प्रेक्षक ‘पे’ दाबतो, बँकेच्या पानावर किंवा यूपीआय अ‍ॅपमध्ये जातो, पैसे देतो, आणि तिथून वेबसाइटवर परत येतो. परत येतो असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्याच क्षणी बॅटरी संपते, लिफ्टमध्ये रेंज जाते, नाहीतर पैसे गेल्याचा एसएमएस पाहून माणूस ब्राउझर बंद करून टाकतो. म्हणून प्रोसेसरचा सर्व्हर या मंडळींच्या सर्व्हरला थेट निरोप पाठवतो: अमुक ऑर्डरचे पैसे आले. रजिस्टर टपालाच्या पोचपावतीसारखा हा निरोप, फक्त ही पावती दोनदाही येऊ शकते, उशिराही येऊ शकते, आणि तिच्या वेशात भामटाही येऊ शकतो. म्हणून प्रत्येक निरोपावर गुप्त किल्लीने केलेली सही असते. ती आधी तपासायची. मग निरोपाचा क्रमांक नोंदवायचा, म्हणजे तोच निरोप पुन्हा आला तरी दुसरं तिकीट फाटत नाही. आणि काही सेकंदांत ‘मिळालं’ असं उत्तर द्यायचं, नाहीतर समोरचा पुन्हा पाठवत राहतो.

नाटकाच्या तिकिटात आणखी एक पेच आहे. साबण विकणाऱ्याला पैसे उशिरा कळले तर साबण उशिरा जातो, एवढंच. इथे मात्र ब-१२ ही खुर्ची एकच आहे. पैसे भरेपर्यंत ती दहा मिनिटं राखून ठेवतात. अकराव्या मिनिटाला ती दुसऱ्याला विकली आणि बाराव्याला पहिल्याचे पैसे आले, तर? कार्ड असेल तर सुटका आहे. बँक रक्कम नुसती अडवून ठेवते, ती ‘कॅप्चर’ केली नाही की प्रेक्षकाकडे मोकळी होते. यूपीआयमध्ये पैसे सरळ खात्यातून निघालेले असतात, तिथे रिफंडच करावा लागतो. म्हणून हा मुलगा प्रत्येक कंपनीच्या चाचणी-व्यवस्थेत मुद्दाम घाण करत बसला होता. पैसे भरताना वाय-फाय बंद कर, एकच निरोप दोनदा पाठव, स्वतःचा सर्व्हरच झोपव. एका कंपनीच्या निरोपात ‘पैसे जमा’ हे ‘पैसे मंजूर’च्या आधी येऊन थडकलं, तेव्हा तो अक्षरशः खूश झाला. असली खोट तिकीटविक्री सुरू व्हायच्या आधी सापडली, म्हणून.

पलीकडच्या टेबलावर काकू. सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या, सगळे त्यांना काकूच म्हणतात. प्रोसेसर तिकिटागणिक पैसे देत नाही. दोन-तीन दिवसांनी एकच ढीग खात्यात येतो, सोबत एक यूटीआर, म्हणजे बँकेने त्या जमेला दिलेला ओळख-क्रमांक. नेटबँकिंगने काढलेल्या ५०० रुपयांच्या तिकिटावर दोन टक्क्यांनी १० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १ रुपया ८० पैसे. हाती ४८८ रुपये २० पैसे. प्रयोग रद्द झाला तर प्रेक्षकाला पूर्ण ५०० द्यायचे, पण ते ११ रुपये ८० पैसे सहसा परत येत नाहीत. त्यात आदल्या आठवड्याचे रिफंड आजच्या ढिगातून वजा होतात. काकू हे सगळं ओळीओळीने जुळवतात. त्यांची अट एकच होती: ज्या कंपनीच्या अहवालात ऑर्डर क्रमांक आणि यूटीआर एकाच ओळीत येत नाहीत, ती नको. या अटीने एक स्वस्त कंपनी बाद झाली, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं.

अडचणी मात्र एवढ्यावर थांबत नाहीत. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावरचा एमडीआर (दुकानदाराकडून घ्यायचं व्यवहार-शुल्क) शून्य आहे, म्हणजे या मंडळींचे बरेचसे व्यवहार कंपनीला फारसं काही मिळवून देत नाहीत. त्यामुळे काही जण ‘प्लॅटफॉर्म फी’ लावतात, काही जण छोट्या दुकानदाराचा फोन उचलायला वेळ लावतात. अमेरिकेतली मुलं पुण्यातल्या आईवडिलांना तिकिटं काढून देऊ पाहतात, पण परदेशी कार्डांसाठी वेगळी मंजुरी आणि चढा दर. हंगामी पासाचे पैसे दर महिन्याला आपोआप घ्यायचे, तर ई-मँडेट (प्रेक्षकाची आगाऊ ऑनलाइन परवानगी) हवा, प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी सूचना हवी. मग चार्जबॅक. प्रयोग पाहून गेलेला माणूस काही आठवड्यांनी बँकेला सांगतो की हा व्यवहार माझा नाही, आणि तो आला होता हे सिद्ध करायची जबाबदारी यांची. म्हणूनच दारावर तिकीट स्कॅन करणं सक्तीचं झालं.

एकदा निवडलेली कंपनी सोडणंही सोपं नाही. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला किंवा प्रोसेसरला कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही, त्याजागी टोकन असतं. कंपनी बदलली की ती टोकनं बहुधा मागेच राहतात आणि नेहमीच्या प्रेक्षकाला कार्ड पुन्हा भरावं लागतं. आणि कंपनी मोठी असली म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. डिसेंबर २०२२मध्ये रेझरपे आणि कॅशफ्री या दोघांनाही नवे दुकानदार घ्यायचं थांबवावं लागलं होतं, परवाने मिळून ते पुन्हा सुरू व्हायला वर्ष गेलं. जुन्या दुकानदारांचं काम चालू होतं, पण त्या वर्षात नव्याने दुकान मांडणाऱ्याने काय करायचं?

म्हणून प्रोग्रॅमरला दोन कंपन्या हव्या होत्या, एक पडली तर दुसरी. काकूंचा ठाम विरोध. दोन कंपन्या म्हणजे दोन ढीग, दोन अहवाल, रिफंड कुठल्या वाटेने आला ते शोधणं. शिवाय प्रेक्षकाच्या बँकेचं यूपीआयच बंद असेल तर दोन्ही वाटा सारख्याच बंद, हेही त्यांनी ऐकवलं. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी एकीशी करार झाला. दुसरीची केवायसी पुरी करून ती बंद ठेवायची, आणि महिन्यातून एकदा तिच्यातून एक रुपया भरून पाहायचा, असं ठरलं. त्या रुपयासाठी खतावणीत वेगळं खातं उघडा, असं काकूंनी लगेच सांगून टाकलं.