मौन प्रार्थनेची सावड



कापणीला एकट्याचे हात पुरत नाहीत. आज तुमच्या शेतात चौघे, उद्या त्यांच्या शेतात तुम्ही, अशी सावड वाडवडिलांपासून चालत आली आहे. मौन प्रार्थनेचेही तसेच आहे. एकटे बसले की पाच मिनिटांत म्हैस आठवते, सोसायटीचा हप्ता आठवतो आणि माणूस उठतो. चौघे बरोबर बसले की टिकतो.

ही रीत नवी नव्हे. चौथ्या शतकात मिसर देशाच्या वाळवंटातील ख्रिस्ती तपस्वी हाताने काम करीत आणि मनात एखादे लहानसे वचन घोळवीत. योहान कासियन यांनी ती शिकवण पाचव्या शतकात लिहून ठेवली. आपल्या काळात बेनेडिक्टाइन संन्यासी फादर जॉन मेन यांनी ती पुन्हा उजेडात आणली. संन्यास घेण्यापूर्वी मलायात त्यांना स्वामी सत्यानंदांनी जपध्यान शिकवले होते. मठात ते सोडावे लागले. पुढे कासियनच्या ग्रंथात तीच वाट त्यांना सापडली. १९७५ साली लंडनमधील ईलिंगच्या मठात त्यांनी गृहस्थांसाठी गट सुरू केले. १९८२ साली ते वारले, पण असे गट आज अनेक देशांत दर आठवड्याला जमतात.

पद्धत सोपी आहे. पाठ ताठ ठेवून बसावे, डोळे अलगद मिटावेत. शुभवर्तमानातील चार ओळी कोणी वाचाव्यात. मग वीस मिनिटे मौन. मनात सावकाश 'मा-रा-ना-था' म्हणत राहावे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी हा अरामी शब्द आहे. 'प्रभू, ये' असा त्याचा अर्थ. विचार येतील, चिडू नये. तण दिसले म्हणून शेतावर कोणी रागावत नाही, उपटून पुढे सरकतो. तसेच शब्दाकडे परत यावे. वेळ संपल्यावर एकाने घंटी वाजवावी. घरीही सकाळ-संध्याकाळ बसावे. रात्रीच्या जेवणाआधी बसल्यास डुलकी कमी लागते.

पीक गेलेला, कर्जात बुडालेला, घरीही मन मोकळे न करणारा माणूस आपल्यातही असतो. चारचौघांत बोलायला लावले तर तो येणार नाही. मौनात त्याला कोणी काही विचारत नाही, फक्त सरकून जागा देतात. पण घंटीनंतर त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जावे. एखाद्या आठवड्यात त्याची जागा रिकामी दिसली तर त्याच दिवशी त्याच्या घरी जाऊन यावे.

ही प्रार्थना औषध नव्हे. रक्तदाबाची गोळी बंद करू नका. अनेक दिवस झोप नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांकडे लगेच जावे, आणि सोबत कोणीतरी जावे.

पहिल्या महिन्यात काही घडले नाही असे वाटेल. प्रभूच्या दाखल्यातील शेतकरी बी पेरून झोपतो, उठतो. ते कसे वाढते हे त्याला कळत नाही. पेरलेले उकरून पाहू नये. तिघे-चौघे जमा आणि सुरुवात करा.